जळणाचा नाका

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी बाहेरगावची एखादी पाहुणी येते आणि आरोग्यावर, नाहीतर मुलांच्या संगोपनावर चार शब्द सांगून जाते. यंदा चालक भगिनींनी घरच्याच सुनेला उभे केले आहे. मी पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकविला, म्हणून विषयही त्यांनी तसाच काढून दिला. कोळसा आणि तेल मागे पडून आता सूर्य आणि वारा यांचे दिवस येणार म्हणतात, त्यात आपले काय, हे सांगावयाचे. विषय ऐकून मला प्रथम वाटले की हा दिल्ली-मुंबईच्या सभांचा विषय. कनेरगाव नाक्याच्या बायकांना तो कशाला? पण घरी जाऊन चहाचे आधण ठेवले आणि शेगडी भकभक करून विझली. सिलिंडर संपला होता. तेव्हा म्हटले, विषय आपल्याच स्वयंपाकघरातला आहे.

आपल्या गावाच्या नावात 'नाका' का आला हे तरुण मुलींना ठाऊक नसेल. आज आपण हिंगोलीहून वाशीमला जातो तेव्हा कोणी अडवीत नाही. परंतु १९४८ पूर्वी इकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. माझ्या आजेसासूबाई सांगत की, माहेरच्या लुगड्याची घडी मोडून ते दोन दिवस अंगावर वागवून मग आणावे, म्हणजे नाक्यावरचा शिपाई त्याला नवे म्हणत नसे. माल आपला, पैसा आपला, रस्ताही आपल्या पायाखालचा. पण मध्ये जो नाका धरून बसला आहे त्याच्या मर्जीवर भाव. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवलीत की आजचा विषय निम्मा कळला असे समजा.

आपल्या चुलीतल्या गॅसचाही एक नाका आहे, आणि तो फार दूर आहे. इराण आणि ओमान यांच्या मध्ये होर्मुझची सामुद्रधुनी म्हणून समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे. ती सर्वांत अरुंद जागी साधारण ३३ किलोमीटर आहे. म्हणजे हिंगोली ते वाशीम हा रस्ता त्याहून लांब भरेल. २०२४ साली जगात खपलेल्या तेलापैकी सुमारे पाचवा हिस्सा या पट्टीतून गेला. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरात पंच्याऐंशीहून अधिक भाग बाहेरून घेतो, आणि स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून पुष्कळ जास्त. त्या गॅसचा बहुतेक भाग आखातातल्या देशांनी पुरविलेला. २०२५ च्या जूनमध्ये इस्रायल आणि इराण यांचे बारा दिवस युद्ध झाले, तेव्हा साऱ्या जगाच्या तेलव्यापाऱ्यांचे डोळे या पट्टीकडे लागले होते. तिथे तोफ कडाडली की इथे पातेल्याखालची आच मंद होते, हे अतिशयोक्तीने म्हणत नाही.

ज्यांची वये साठ-सत्तरच्या पुढे आहेत त्यांना रॉकेलच्या रांगा आठवतील. १९७३ साली अरब-इस्रायल युद्ध झाले आणि तेल विकणाऱ्या राष्ट्रांनी हात आखडला. काही महिन्यांतच पिंपाची किंमत तीन डॉलरच्या आसपास होती ती बारा डॉलरच्या घरात गेली. त्याच सुमारास मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी बायकांना घेऊन मोर्चे काढले. १९७२ मध्येच त्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन केली होती. हातात थाळी नि लाटणे घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. त्या धान्य, गोडेतेल, रॉकेल मागत होत्या. त्यांच्यापैकी कितीजणींनी जगाचा नकाशा पाहिला असेल कोण जाणे. पण राजकारण आपल्या डब्यापर्यंत येते हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

दुसरी गोष्ट सोन्याची. बायकांच्या सभेत सोन्याचे नाव काढले की मागे बसलेल्याही पुढे सरकतात, म्हणून सांगते असे नव्हे! १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळले. तेल महागले, आखातातल्या आपल्या माणसांची मनीऑर्डर थांबली, आणि आधीच कर्जाने वाकलेल्या देशाजवळ परदेशातून माल घेण्यापुरते चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांचे उरले. १९९१ च्या जुलैत सुमारे ४७ टन सोने विमानाने विलायतेला बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण म्हणून पाठवावे लागले. कारणे तेलाखेरीज आणखीही होती, ती मी लपवीत नाही. परंतु बी-बियाण्यासाठी पाटल्या गहाण टाकताना तुमच्या-माझ्या पोटात जो खड्डा पडतो, तो त्या वर्षी देशाच्या पोटात पडला होता. गहाण टाकलेले निदान सुटून तरी येते. जाळलेले जळण मात्र कोणी परत देत नाही. त्याचे पैसे पुढच्या महिन्यात पुन्हा द्यावयाचे.

हल्लीचा हिशेब तर तुम्हांला तोंडपाठ आहे. २०२२ साली रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि मार्चमध्ये तेल शंभर डॉलरच्या पार गेले. पुढे २०२३ मध्ये घरगुती सिलिंडर अकराशेच्या वर होता. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस २०० रुपये, मार्च २०२४ मध्ये १०० रुपये उतरले आणि एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये चढले. या चढउतारात आपण कोणी जास्त पोळ्या केल्या नाहीत की कमी केल्या नाहीत. ज्यांना उज्ज्वला योजनेतून शेगडी मिळाली अशा कितीतरी घरांत ती फडके टाकून कोपऱ्यात ठेवलेली मी पाहिली आहे. शेजारी तुऱ्हाट्यांची चूल चालू. त्या बाईला धूर आवडतो म्हणून नव्हे. मजुरीच्या दोन-तीन दिवसांचे पैसे एका सिलिंडरात जातात म्हणून.

कोणी म्हणेल, कोळसा तर आपलाच आहे ना? होय, चंद्रपूर आणि वणीच्या खाणी आपल्याच, आणि २०२४ मध्येही देशातल्या दर चार युनिटांपैकी जवळजवळ तीन युनिटे कोळशावर निघाली. परंतु कोळशाला पाणी लागते. आपल्या मराठवाड्यातले परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावे लागले. ज्या वर्षी विहिरीला विजेची सर्वांत निकड, त्याच वर्षी वीज करणारे घर कोरडे. तथापि, कोळसा उद्या बंद करा असे म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. चंद्रपूरच्या खाणीत ज्यांचे नवरे कामाला आहेत त्या बायकांनाही चूल आहे, आणि त्यांची सोय न लावता कोणी नवे युग आणू म्हणत असेल तर त्या युगाचा मला भरवसा नाही.

आता सूर्याकडे येऊ. खरे म्हणजे सूर्य आपल्याला कोणी नव्याने शिकवावयास नको. आपली हळद शिजवून झाली की दहा-पंधरा दिवस वाळते ती कोणाच्या बळावर? पापड, कुरडया, सांडगे, वर्षाची डाळ, सारे उन्हाचे. नवे एवढेच की त्या उन्हाची वीज करता येते आणि ती आता स्वस्त झाली आहे. २०१० च्या सुमारास आपल्या देशात सोलरची वीज युनिटला दहा-बारा रुपये पडत असे. २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या एका लिलावात तिचा भाव दोन रुपयांच्याही खाली आला. २०२५ च्या जूनमध्ये देशातल्या वीजकेंद्रांच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व गॅस यांवाचूनची झाली. क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत मात्र फरक आहे. गिरणी मोठी असली म्हणजे दिवसभर दळण चालतेच असे नाही. सूर्य संध्याकाळी जातो आणि आपले दिवे तेव्हाच लागतात. त्यावर उपाय म्हणजे साठवण. बॅटरी हा एक, आणि दुसरा आपल्याकडे केव्हाच झालेला: अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघरला खालच्या धरणातले पाणी विजेची मागणी कमी असेल तेव्हा वर चढवितात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करतात. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प आहे.

मग नाका गेला काय? नाही, बायांनो. इथे मला तुम्हांला भुलवावयाचे नाही. सोलरच्या प्लेटा आणि त्यांचे सुटे भाग बनविण्याचे जगातले ऐंशी टक्क्यांहून अधिक काम चीनच्या हाती आहे. म्हणून आपल्या सरकारने एप्रिल २०२२ पासून परदेशी प्लेटांवर ४० टक्के जकात बसविली, की इथे कारखाने निघावेत. म्हणजे इथेही एक नाका चीनच्या दारात, आणि एक आपल्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने काही दुर्मिळ धातू आणि त्यांची लोहचुंबके बाहेर पाठविण्यावर निर्बंध घातले. त्यापायी पुण्याच्या बजाज कंपनीला विजेवर चालणाऱ्या चेतक स्कूटरींचे उत्पादन पावसाळ्यात कमी करावे लागले. गाडी पुण्याची, चुंबक चीनचे.

पण दोन नाक्यांत फरक आहे, आणि माझ्या मते सारा विषय त्या फरकात आहे. तेलाचा नाका रोज ओलांडावा लागतो. तो आज बंद झाला तर काही आठवड्यांत चूल विझते. प्लेट एकदा नाक्यावरून आत आली की पंचवीस वर्षे छपरावर बसून वीज देते. मग चीनने उद्या पुढच्या प्लेटा दिल्या नाहीत म्हणून छपरावरची विझत नाही. एक आहे रोजचे उधारीचे दूध, दुसरी घरात बांधलेली म्हैस. म्हशीलाही पैसे पडतात, ती आजारी पडते, तिला गुरांचा डॉक्टर लागतो. तरी दुधाचा भाव दुसऱ्याच्या भांडणावर ठरत नाही.

आजारी म्हणण्यावरून आठवले. आमच्या शेतावर सोलरचा पंप बसला तेव्हा आम्ही पेढे वाटले. योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्केच भरावयाचे असतात, बाकीचे सरकार देते. सौदा चांगला होता. ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी यंत्र बंद पडले, आणि बसविणाऱ्या कंपनीचा माणूस दीड महिना फिरकला नाही. फोन लागला तर 'तक्रार नोंदविली आहे' इतकेच उत्तर. आमच्या शेजाऱ्यांनी आपल्या विहिरीचे पाणी दिले म्हणून पीक हाती लागले. सांगावयाचे इतकेच की, गावातल्या दहा मुलामुलींना हे यंत्र उघडून दुरुस्त करता येईल तेव्हाच ते आपले झाले असे मी मानीन.

तरीही मला सूर्याची वीज हवी आहे, त्याचे कारण रात्र आहे. शेतीला वीज पाळीने मिळते. एक पाळी दिवसाची तर दुसरी रात्रीची. पौष महिन्यात रात्री दोन वाजता मोटार चालू करावयास माणूस जातो, आणि घरात बाई उघड्या डोळ्यांनी पडून असते. साप, रानडुकरे, ओल्या हाताने लावलेला स्टार्टर. तो परत येऊन हातपाय धुतो तो आवाज ऐकू येईपर्यंत झोप नाही. हा विजेचा दर कोणत्याही बिलात लिहिलेला नसतो. दिवसा वीज म्हणजे ती रात्र परत मिळणे. त्यासाठीच राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. शेतीच्या उपकेंद्राजवळ प्लेटांचे छोटे केंद्र उभारावयाचे आणि दिवसा त्या भागातल्या मोटारी चालवावयाच्या, अशी ती कल्पना. तिच्या दुसऱ्या टप्प्यातले पहिले केंद्र २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावी ३ मेगावॉटचे झाले. आणि त्यासह पाच केंद्रांचे, मिळून १९ मेगावॉटचे, लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या शेजारीच, वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला झाले. तुमच्यापैकी काहीजणी त्या गर्दीत होत्याही.

सरकारचा यात स्वार्थ आहे, आणि तो असणे वाईट नाही. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारींची वीज पाच वर्षांसाठी माफ झाली. माफ म्हणजे फुकट नव्हे. तिचे वर्षाला चौदा हजार कोटींहून अधिक रुपये सरकारी तिजोरीतून वीज कंपनीला जावयाचे असे तेव्हाच ठरले. सूर्याची वीज तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणून हे ओझे पुढे हलके होईल असा हिशेब.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभी राहिले ते सांगते. ऊन फुकट, पण ऊन पडते ती जमीन फुकट नाही. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील हे ऐंशी ओलांडलेले शेतकरी वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकले, आणि २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात त्यांनी विष घेतले. सहा दिवसांनी ते गेले. वीज कशाचीही असो, जमीन घेण्याची रीत तीच राहिली तर नव्या युगातही असे म्हातारे मरतील. वाहिनी योजनेत जमीन विकत न घेता भाड्याने घेतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, असा दर ठरला आहे. कोरडवाहू सोयाबीनचा हिशेब मांडून पाहा, आकडा लहान नाही. पण ते भाडे ज्याचे नाव सातबाऱ्यावर त्याच्या खात्यात जाईल. आपल्यापैकी कितीजणींचे नाव सातबाऱ्यावर आहे, हात वर करा बरे. (सभेत थोडे हात वर झाले.) मोजले, सात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करावयास लावले, त्याला तीस वर्षे उलटून गेली. त्या वेळी राहिले ते आता तरी मनावर घ्यावयास हवे.

आणि जिचे शेतच नाही तिचे काय? त्या रानात निंदणीला, सोंगणीला जाणारी बाई प्लेटांखाली काय निंदणार? शिवाय या केंद्रांना सरकारी जमीनही देतात, आणि सरकारी जमीन म्हणजे पुष्कळदा गायरान. मराठवाड्यात किती भूमिहीन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसून जगतात हे मी सांगावयास नको. त्याच हक्कासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली हजारो बायका मुलांना कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. कागदावर ते रान पडीक दिसते. तिथे शेळी चरते, जळणाच्या काटक्या मिळतात, कोणाची ज्वारी उभी असते. ते कागदावर दिसत नाही.

म्हणून आपल्या गावी उद्या असा ठराव आला तर तो आपल्यामागे होऊ देऊ नका. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असा आपल्या राज्यात कायदा आहे. ती कित्येक गावांत सह्यांपुरती होते. वही घरोघर फिरते. त्या सभेला आपण हजर राहावे आणि विचारावे की कोणते गट नंबर, आज तिथे कोण कसते, ग्रामपंचायतीला जो पैसा मिळणार तो कशावर खर्च होणार, आणि केंद्राच्या देखभालीची नोकरी गावातल्या कोणाला, त्यात मुलगी का नको. हरकत घ्यावयाची तर वेळेवर घ्यावी, आणि होकार द्यावयाचा तर अटी लिहून.

घरच्या छपराविषयीही बऱ्याचजणींनी विचारले होते. २०२४ मध्ये निघालेल्या सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ठरले. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिटे देतो. पत्रे कच्चे असतील तर आधी छप्पर पाहा, मग प्लेटा. विजेच्या शेगडीवर चहा, भात, वरण उत्तम होते. ज्वारीची भाकरी मात्र जाळावाचून फुगत नाही, निदान माझ्या हातून तरी. तेवढ्यासाठी सिलिंडर ठेवा. महिन्याचा सिलिंडर दोन महिने पुरला तरी होर्मुझच्या नाक्यावर आपण निम्म्यानेच अडकलो.

आपल्या मंडळाच्या पापड-मसाल्याच्या खोलीला सिमेंटचे पक्के छत आहे, आणि डंखाचे नि चक्कीचे काम दिवसाच चालते. तिथे प्लेटा बसवाव्यात असे मी कार्यकारिणीला सुचविले आहे. चालक भगिनी म्हणाल्या, वीजमीटर अजून जुन्या घरमालकांच्या नावावर आहे, आधी ते नाव बदलून घ्यावे लागेल. तेव्हा गेल्या वर्षभरातली बिले ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती येत्या मंगळवारी घेऊन यावीत. मीही येते, हिंगोलीला कचेरीत अर्ज घेऊन जाण्यास दोघीजणी लागतील.